युद्धनौकेवर काय बसवावे: क्षेपणास्त्र, तोफ, भूल आणि लेझर यांची तुलना

तीन-चार हजार टनांची एक फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, आखायची आहे, असे धरू. डेकवरची जागा ठरलेली आहे, डोलकाठीवर किती वजन चढवता येईल याला मर्यादा आहे, जनित्रांची वीज मोजून मिळणार आहे आणि पैसा नेहमीप्रमाणे अपुरा आहे. क्षेपणास्त्र, विमान आणि ड्रोन यांपासून ही नौका वाचवण्यासाठी काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ज्याला ठरवायचे आहे त्याला उत्पादकांच्या माहितीपत्रकांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांत पल्ल्याचे आकडे ठळक छापलेले असतात, आणि पन्नासपेक्षा शंभर किलोमीटर अर्थातच चांगले वाटतात. माझ्या मते तुलनेची सुरुवातच इथे चुकते. नौकेला किती सेकंद मिळतात आणि त्या सेकंदांत प्रत्येक साधन नेमके काय करू शकते, हे आधी मांडले की बहुतेक निवडी बऱ्याच सोप्या होतात.

घड्याळ आधी, शस्त्र नंतर

समुद्राच्या पृष्ठालगत चार-पाच मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र रडार कितीही शक्तिशाली असले तरी क्षितिजापलीकडे दिसत नाही. रडारच्या क्षितिजाचा हिशेब साधा आहे. रडारची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोन्हींची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. रडार २५ मीटर उंच आणि क्षेपणास्त्र ४ मीटरवर असेल तर उत्तर सुमारे २९ किलोमीटर येते. एक्झोसेटसारखे, ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाचे क्षेपणास्त्र सेकंदाला साधारण ३०० मीटर कापते, म्हणजे नौकेच्या हाती सुमारे ९६ सेकंद उरतात. ध्वनीच्या अडीचपट वेगाने येणारे क्षेपणास्त्र सेकंदाला ८५० मीटर कापते आणि तेच अंतर ३४ सेकंदांत संपवते.

आता हेच उदाहरण पुढे चालवू. क्षेपणास्त्र दिसल्यापासून ते शत्रूचे आहे याची खात्री करून आपले पहिले क्षेपणास्त्र सुटेपर्यंत बारा सेकंद गेले, आणि आपले क्षेपणास्त्र सरासरी सेकंदाला ७०० मीटर वेगाने धावते, असे समजा. मंद गतीच्या हल्लेखोराशी पहिली गाठ सुमारे साडेसतरा किलोमीटरवर पडते. नेम चुकला हे कळून दुसरे क्षेपणास्त्र सोडायला पाच सेकंद धरले, तर दुसरी गाठ अकरा किलोमीटरच्या आसपास आणि तिसरी सातच्या आसपास पडते. वेगवान हल्लेखोर मात्र पहिल्या गाठीच्या वेळीच साडेआठ किलोमीटरच्या आत आलेला असतो, आणि दुसरी गाठ दोन किलोमीटरच्याही आत पडते. तिथे तो फुटला तरी त्याचे तुकडे नौकेवर येऊन आदळण्याची शक्यता मोठी. थोडक्यात, पहिल्याविरुद्ध तीन संधी, तर दुसऱ्याविरुद्ध जेमतेम दीड. या सगळ्या हिशेबात आपल्या क्षेपणास्त्राचा पल्ला ५० किलोमीटर होता की १५०, याने काडीचाही फरक पडलेला नाही.

फरक पडतो तो डोळ्याच्या उंचीने, आणि तोही विचित्र प्रमाणात. रडार २५ ऐवजी ३६ मीटरवर नेले तर क्षितिज चारच किलोमीटर पुढे सरकते. मंद क्षेपणास्त्राविरुद्ध त्याने चौदा सेकंद वाढतात, पण त्यासाठी जड रडार अकरा मीटर वर न्यावे लागते आणि नौकेचा तोल सांभाळण्यासाठी तिचे आकारमान वाढवावे लागते. तेच रडार हेलिकॉप्टरमधून हजार मीटरवर नेले, तर चार मीटरवरचे लक्ष्य सुमारे १३८ किलोमीटरवरून दिसू शकते आणि मंद क्षेपणास्त्राविरुद्ध साडेसात मिनिटांहून अधिक अवधी मिळतो. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याकडे असा हवेतला डोळा नव्हता. युद्ध चालू असतानाच सी किंग हेलिकॉप्टरांवर रडार चढवण्याचे काम घाईने हाती घेण्यात आले, पण ती पोहोचली तोवर लढाई संपली होती. म्हणून माझी पहिली शिफारस शस्त्राबद्दल नाहीच. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राआधी हवेतल्या रडारचा, निदान ताफ्यातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी रडारचे चित्र आपल्या पडद्यावर आणणाऱ्या जोडणीचा विचार करावा.

लांब पल्ला की भरपूर संख्या

क्षेपणास्त्रांची तुलना करताना उभ्या प्रक्षेपक कप्प्यांपासून, म्हणजे व्हीएलएसपासून सुरुवात करणे सोयीचे. आपल्या फ्रिगेटवर असे ३२ कप्पे मावतात असे धरू. एका कप्प्यात एकच मोठे क्षेपणास्त्र बसते, पण मध्यम पल्ल्याची ईएसएसएम ही क्षेपणास्त्रे अमेरिकन मार्क ४१ कप्प्यात चार-चार बसतात. सगळे कप्पे मोठ्यांना दिले तर ३२ क्षेपणास्त्रे मिळतात. निम्मे मध्यमांना दिले तर १६ मोठी आणि ६४ मध्यम, म्हणजे एकूण ८० होतात. एका लक्ष्यावर दोन क्षेपणास्त्रे सोडायची पद्धत धरली, तर ३२ म्हणजे सोळा लक्ष्ये. आणि रिकामे झालेले कप्पे समुद्रात भरता येत नाहीत, बंदर गाठावे लागते. हे काम खुल्या समुद्रात करून पाहण्याचे प्रयोग अमेरिकेने २०२४ मध्ये यूएसएस चोसिनवर केले, पण अजून ती रोजची गोष्ट झालेली नाही.

एका लक्ष्यावर दोन का, हेही आकड्यांत पाहावे. एका क्षेपणास्त्राच्या यशाची शक्यता ०.७ धरली तर दोघांची मिळून ०.९१ होते. हे ऐकायला उत्तम वाटते, पण एकदम चार हल्लेखोर आले तर चारही पडण्याची शक्यता ०.९१ चा चौथा घात, म्हणजे जेमतेम ०.६९ उरते. तीनपैकी एका हल्ल्यात किमान एक क्षेपणास्त्र आत शिरणार, असा त्याचा अर्थ. हे आकडे केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत, पण बचावाचे दुसरे आणि तिसरे वलय का लागते याचे उत्तर त्यांतच आहे.

पल्ल्यापेक्षा महत्त्वाचा दुसरा भेद आहे तो क्षेपणास्त्राच्या नाकात स्वतःचे रडार आहे की नाही, याचा. जुन्या पद्धतीच्या एसएम-२ सारख्या क्षेपणास्त्रांना शेवटच्या टप्प्यात नौकेवरच्या रडारने लक्ष्य उजळून द्यावे लागते. टायकॉन्डेरोगा वर्गाच्या क्रूझरवर अशी उजळणारी रडारे चार आहेत, आर्ले बर्क वर्गाच्या विनाशिकांवर तीन. मध्यम नौकेवर बहुधा दोनच मावतील. शेवटच्या टप्प्यातल्या लक्ष्यांची संख्या त्याहून वाढली की रांग लागते, आणि ३४ सेकंदांच्या हिशेबात रांगेला जागा नाही. ॲस्टर, बराक-८, एसएम-६ आणि ईएसएसएमची दुसरी आवृत्ती यांच्या नाकात स्वतःचे रडार आहे. त्यांना नौकेने फक्त जवळपास नेऊन सोडायचे असते. किंमत जास्त पडते हे खरे, पण उजळणाऱ्या रडारांचे वजन, जागा आणि देखभाल वाचते. ज्याला मध्यम नौका आखायची आहे त्याने, माझ्या मते, मध्यम पल्ल्याची पण स्वतःचे रडार असलेली क्षेपणास्त्रे अधिक संख्येने घ्यावीत आणि लांब पल्ल्याचा मोह थोड्या कप्प्यांपुरता ठेवावा.

याला एक अपवाद करावा लागेल. आपल्या फ्रिगेटला दुसऱ्या जहाजांचे रक्षण करायचे असेल, तर गणित बदलते. स्वतःकडे येणारे क्षेपणास्त्र सरळ समोरून येते. दहा किलोमीटरवरच्या तेलवाहू जहाजाकडे जाणारे आपल्याला आडवे जाते, आणि त्याला गाठायला वेगही लागतो आणि पल्लाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकने मिझुरी या युद्धनौकेच्या रोखाने सिल्कवर्म क्षेपणास्त्र सोडले, ते ब्रिटिश विनाशिका ग्लॉस्टरने सी डार्ट क्षेपणास्त्राने पाडले. जवळच्या संरक्षणाचीच साधने असती तर ग्लॉस्टरला ते जाताना पाहत बसावे लागले असते. आकाशातून खाली कोसळणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यासाठी लागणारे रडार आणि क्षेपणास्त्र दोन्ही मोठ्या विनाशिकेलाच परवडतात. मध्यम नौकेने ते काम तिच्यावर सोपवलेले बरे.

शेवटचे दोन किलोमीटर

फॅलँक्स, गोलकीपर, एके-६३० ही नावे चित्रांत आकर्षक दिसतात. फिरत्या नळ्यांची तोफ आपणहून लक्ष्य शोधते आणि गोळ्यांचा पट्टा सोडते. फॅलँक्सचाच हिशेब घेऊ. २० मिलिमीटरच्या १,५५० गोळ्या आणि मिनिटाला ४,५०० चा वेग, म्हणजे सलग मारा केला तर वीस-एकवीस सेकंदांत पेटी रिकामी. परिणामकारक अंतर दीड किलोमीटर मानले तर मंद क्षेपणास्त्र ते पाच सेकंदांत ओलांडते आणि वेगवान क्षेपणास्त्र दोन सेकंदांच्या आत. एकापाठोपाठ दोन आली, तर दुसऱ्याकडे वळायला वेळ मिळेलच असे नाही.

त्याहून मोठी अडचण तुकड्यांची आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये यूएसएस ॲन्ट्रिम या अमेरिकन फ्रिगेटवर सराव चालू होता. लक्ष्य म्हणून सोडलेले मानवरहित विमान जवळून अचूक फोडले गेले, तरी त्याचे अवशेष पाण्यावरून उसळून नौकेवर आदळले, उरलेल्या इंधनाने आग लागली आणि एका नागरी प्रशिक्षकाचा जीव गेला. लक्ष्यात स्फोटके नव्हती, हे लक्षात घेतले की लढाईतले चित्र आपोआप डोळ्यांपुढे उभे राहते.

हा धडा तसा नवा नव्हताच. १९४४-४५ मध्ये जपानच्या आत्मघाती कामिकाझे विमानांविरुद्ध अमेरिकी नौदलाला असाच अनुभव आला होता. २० मिलिमीटरच्या गोळ्यांनी वैमानिक मरत असे, पण विमान आपल्या वेगानेच नौकेवर येऊन आदळत असे. विमान हवेतच मोडायला मोठा गोळा हवा होता, आणि लक्ष्याजवळ पोहोचताच आपणहून फुटणारा त्या वेळचा रेडिओ फ्यूज ४० मिलिमीटरच्या गोळ्यात मावत नव्हता. म्हणून तीन इंची तोफेकडे वळावे लागले. आजची ५७ आणि ७६ मिलिमीटरची तोफ त्याच विचाराची वारस आहे. तिच्या गोळ्याला कुठे फुटायचे हे नळीतून सुटण्याआधी सांगता येते, तिचा मारा काही किलोमीटर पोहोचतो, आणि हीच तोफ छोट्या बोटींविरुद्ध व किनाऱ्यावर मारा करायलाही चालते.

तिसरा पर्याय रॅमसारख्या छोट्या क्षेपणास्त्रांचा. एका प्रक्षेपकात २१ असतात, मारा नऊ-दहा किलोमीटर, आणि क्षेपणास्त्र सुटल्यावर नौकेला पुढचे लक्ष्य घ्यायला मोकळीक मिळते, कारण ते शत्रूच्या क्षेपणास्त्राच्या रडारलहरींवर आणि उष्णतेवर स्वतःच जाते. मंद हल्लेखोराविरुद्ध नऊ किलोमीटर म्हणजे तीस सेकंद. तोफेच्या पाच सेकंदांशेजारी हे तीस ठेवून पाहिले की वेगळा युक्तिवाद लागत नाही. तोटा संख्येचा आणि किमतीचा. एकवीस सुटल्यावर प्रक्षेपक रिकामा होतो आणि प्रत्येक क्षेपणास्त्र महाग असते.

तेव्हा निवड अशी: ७६ किंवा ५७ मिलिमीटरची मुख्य तोफ आणि छोट्या क्षेपणास्त्रांचा एक प्रक्षेपक यांना आधी जागा द्यावी, २० किंवा ३० मिलिमीटरची फिरत्या नळ्यांची तोफ उरलेल्या जागेत यावी. ती निरुपयोगी नाही. ३० जानेवारी २०२४ रोजी तांबड्या समुद्रात यूएसएस ग्रेव्हली या अमेरिकन विनाशिकेने येमेनमधल्या हौथी बंडखोरांचे क्षेपणास्त्र सुमारे मैलभर अंतरावर फॅलँक्सनेच पाडले. पण त्याआधीची सगळी वलये ओलांडून ते तिथवर आले होते, हेही त्याच घटनेतून कळते.

मारावे की फसवावे

या तुलनेत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त देणारे साधन कोणते, असे विचारले तर माझे उत्तर चॅफ (रडारला फसवणारा तंतूंचा ढग), तरते बनावट लक्ष्य आणि शत्रूच्या रडारचा गोंधळ उडवणारा जॅमर असे असेल. आश्चर्य म्हणजे खरेदीच्या चर्चेत हीच साधने शेवटी येतात, कदाचित त्यांचे छायाचित्र चांगले निघत नाही म्हणून.

२१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोव्हिएत बनावटीची पी-१५ क्षेपणास्त्रे सोडून इस्रायलची आयलात ही विनाशिका पोर्ट सैदजवळ बुडवली. ४७ जण मरण पावले. डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय नौदलाच्या बोटींनी याच क्षेपणास्त्रांनी कराचीजवळ पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली. क्षेपणास्त्र अजिंक्य आहे, असे वाटावे अशीच ती चार वर्षे होती. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये सीरियाच्या लताकिया बंदराजवळ आणि नंतर इजिप्तच्या किनाऱ्याजवळ इस्रायली बोटींवर पी-१५ चा मारा झाला तेव्हा एकही क्षेपणास्त्र लागले नाही. इस्रायली गॅब्रिएल क्षेपणास्त्राचा पल्ला पी-१५ च्या जवळपास निम्मा होता. म्हणजे शत्रूच्या माऱ्यातून पुढे सरकत जाऊन मगच आपला मारा करायचा होता, आणि ते जमले ते चॅफ व जॅमर यांच्या जोरावर.

चॅफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग. हवेत उडवला की रडारला तो नौकेएवढा किंवा तिच्याहून मोठा दिसतो. वारा कोणत्या दिशेने वाहतो, नौका कोणत्या बाजूला वळते आणि ढग नेमका केव्हा उमलतो, यांवर सगळे अवलंबून असते. वाऱ्याशी ताळमेळ चुकला तर ढग एकीकडे आणि नौका उघडीच. आधुनिक क्षेपणास्त्रे हवेत तरंगणारा ढग आणि पाण्यावरची नौका यांतला फरक पुष्कळदा ओळखतात. म्हणून दोन सुधारणा झाल्या. ब्रिटिश नौदलाने फुगवून पाण्यावर सोडायची बनावट लक्ष्ये वापरली. ती चॅफच्या ढगासारखी विरून जात नाहीत आणि बराच वेळ नौकेसारखी दिसत राहतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांनी मिळून नुल्का बनवले. तो हवेत अधांतरी राहणारा, हळूहळू नौकेपासून दूर सरकणारा अग्निबाण आहे आणि जाताना नौकेचाच रडार-ठसा उमटवत जातो. क्षेपणास्त्र त्याच्यामागे वळते. ऑक्टोबर २०१६ मध्ये येमेनच्या किनाऱ्याजवळ यूएसएस मेसनवर हल्ला झाला तेव्हा क्षेपणास्त्रांबरोबर नुल्काही वापरला गेला.

या साधनांचा दोष मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. फसलेले क्षेपणास्त्र नष्ट होत नाही, ते फक्त दुसरीकडे जाते. फॉकलंड युद्धात २५ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाने सोडलेल्या दोन एक्झोसेटांना ब्रिटिश फ्रिगेटने चॅफने चकवले. ती पुढे गेली आणि अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजावर आदळली, ज्याच्याकडे चॅफ नव्हते. बारा जण मेले आणि जहाजावरची जड हेलिकॉप्टरे जळाली. ताफ्यात एकाच नौकेला भूल देता येत असेल तर संकट शेजारच्याकडे ढकलले जाते. त्यामुळे हा खर्च एका नौकेचा न धरता ताफ्याचा धरावा, आणि रसद वाहणाऱ्या जहाजांनाही तो लागू करावा.

दुसरा दोष परस्परांशी न जुळण्याचा. वर सांगितलेल्या १९९१ च्या हल्ल्यातच मिझुरीने चॅफ उडवले, तेव्हा शेजारच्या यूएसएस जॅरेटच्या फॅलँक्सने त्या चॅफलाच लक्ष्य समजून गोळीबार केला आणि काही गोळ्या मिझुरीला लागल्या. मारणारे आणि फसवणारे साधन एकाच संगणकाच्या हुकमाखाली नसेल तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. खरेदी करताना दोन्ही वेगवेगळ्या पुरवठादारांकडून घेण्यात वाईट काही नाही, पण त्यांना जोडणाऱ्या यंत्रणेचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

स्वस्त ड्रोन, महाग बाण

तांबड्या समुद्रातल्या २०२३ पासूनच्या हल्ल्यांनी किमतीचा प्रश्न पुढे आणला. एसएम-२ क्षेपणास्त्राची किंमत सुमारे २० लाख डॉलर सांगितली जाते, आणि समोरचे ड्रोन त्याच्या अंशमात्र किमतीत बनते. म्हणून क्षेपणास्त्र वापरणे वेडेपणाचे, असा निष्कर्ष मला घाईचा वाटतो, कारण तुलना ड्रोनच्या किमतीशी करायची नसून त्या ड्रोनने होणाऱ्या नुकसानीशी करायची आहे. खरी टंचाई डॉलरची नसून कप्प्यांची आहे. वीस ड्रोनवर वीस क्षेपणास्त्रे खर्च झाली की मागून येणाऱ्या वेगवान क्षेपणास्त्रासाठी काय उरले, हा प्रश्न आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मन फ्रिगेट हेसेनने एक ड्रोन ७६ मिलिमीटरच्या तोफेने आणि दुसरे रॅमने पाडले. फ्रेंच हेलिकॉप्टरने तर मशीनगननेही एक ड्रोन पाडले. मंद, कमी उंचीवरून येणाऱ्या ड्रोनला तोफ पुरते. पण तोफेचे गोळे विश्वासू हवेत. मार्च २०२४ मध्ये डेन्मार्कच्या इव्हर हुइटफेल्ड या फ्रिगेटवर ऐन हल्ल्यात क्षेपणास्त्रांची यंत्रणा सुमारे अर्धा तास अडली आणि तोफेचे काही गोळे वेळेआधीच फुटले. तरीही चार ड्रोन पडले. कागदावर वलये दोन होती, पण त्या अर्ध्या तासात प्रत्यक्षात एकच, तेही अर्धवट.

लेझरबद्दल फार लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही. अमेरिकेने २०१४ मध्ये यूएसएस पॉन्सवर ३० किलोवॉटचा लेझर बसवून पाहिला, नंतर अधिक शक्तीचे प्रयोग चालू राहिले. मारा स्वस्त पडतो आणि वीज आहे तोवर दारूगोळा संपत नाही. मात्र धुके, पाऊस आणि समुद्रावरची दमट हवा किरणाला खातात, आणि एका लक्ष्यावर काही सेकंद तो स्थिर धरावा लागतो. आज त्यावर विसंबू नये. पण जनित्रे निवडताना पुढच्या दहा-पंधरा वर्षांसाठी थोडी जास्तीची वीज आणि तोफेएवढी मोकळी जागा राखून ठेवावी, एवढे आजच करता येते.

जागे राहण्याची किंमत

आतापर्यंतची तुलना साधनांची होती. पण ज्या नौकांना क्षेपणास्त्रे प्रत्यक्षात लागली, त्यांतल्या पुष्कळांकडे साधने होती. ४ मे १९८२ रोजी शेफील्ड या ब्रिटिश विनाशिकेवर एक्झोसेट आले तेव्हा तिचा उपग्रह-संदेश चालू होता, आणि त्याने तिचे रडारलहरी टिपणारे यंत्र झाकोळले होते. शेजारच्या ग्लासगोने शत्रूचे रडार टिपले, इशारा दिला आणि चॅफ उडवले. शेफील्डने उडवले नाही, आणि वीस जण मेले. १७ मे १९८७ रोजी यूएसएस स्टार्कला इराकी विमानाची दोन एक्झोसेट लागली आणि ३७ नौसैनिक मरण पावले. तिचे फॅलँक्स नुसत्या स्टँडबाय स्थितीत होते, स्वयंचलित नव्हते. १४ जुलै २००६ रोजी बेरुतजवळ इस्रायलच्या हनित या नौकेला सी-८०२ क्षेपणास्त्र लागले, चार जण गेले. बचावाच्या यंत्रणा होत्या, पण शत्रूकडे असे क्षेपणास्त्र असेल असे धरलेलेच नव्हते. २०२२ मध्ये काळ्या समुद्रात रशियाची मोस्क्वा ही क्रूझर बुडाली तेव्हा तिच्यावर लांब पल्ल्याची एस-३००एफ, जवळची ओसा आणि एके-६३० तोफा, अशी तिन्ही वलये होती.

यावर उपाय म्हणून सगळे स्वयंचलित करावे, असे वाटणे साहजिक आहे. त्याचीही किंमत मोजलेली आहे. ३ जुलै १९८८ रोजी यूएसएस व्हिन्सेन्सने, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत प्रगत हवाई संरक्षण नौकांपैकी एकीने, इराणचे प्रवासी विमान शत्रूचे समजून पाडले आणि २९० जण मेले. २२ डिसेंबर २०२४ रोजी यूएसएस गेटिसबर्गने आपल्याच ताफ्यातले एफ/ए-१८ लढाऊ विमान पाडले. हेसेननेही ओळख न पटलेल्या एका अमेरिकन ड्रोनवर दोन क्षेपणास्त्रे सोडली होती; ती लागली नाहीत, हे नशीब.

म्हणून एकाच वेळी दोन टोकांची खरेदी करावी लागते. भुलवणारी साधने आणि जवळची क्षेपणास्त्रे धोक्याच्या समुद्रात स्वयंचलित ठेवावीत, कारण त्यांच्या चुकीने दूरचे विमान पडत नाही. लांब आणि मध्यम पल्ल्याच्या माऱ्यासाठी निर्णय माणसाकडे ठेवावा आणि त्या माणसाला विमानाची ओळख पटवणारे चांगले साधन द्यावे. यंत्रे एकमेकांना झाकोळतात का, हे खरेदीच्या चाचणीतच तपासावे. उपग्रहावर संदेश चालू ठेवून, स्वतःची सगळी रडारे चालू ठेवून मग लक्ष्य सोडावे. शांत खोलीतल्या चाचणीत शेफील्डही उत्तीर्ण झाली असती.

मग यादी कशी लावावी

मध्यम नौका ताफ्याबरोबर खोल समुद्रात जाणार असेल, तर क्रम असा ठेवावा: ताफ्याच्या हवेतल्या रडारशी जोडणी, नाकात रडार असलेली मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे चार-चारच्या कप्प्यांत, भुलवणाऱ्या साधनांचा पूर्ण संच, ७६ मिलिमीटरची तोफ, छोट्या क्षेपणास्त्रांचा प्रक्षेपक, आणि मग जागा उरली तर फिरत्या नळ्यांची तोफ. किनाऱ्याजवळ, अरुंद समुद्रात राहणार असेल, तर क्षितिज आणि वेळ दोन्ही आक्रसतात, जमिनीच्या आडून क्षेपणास्त्र अचानक पुढे येते. तिथे छोट्या क्षेपणास्त्रांचे दोन प्रक्षेपक, पुढे एक मागे एक, आणि दुप्पट चॅफ यांना मध्यम क्षेपणास्त्रांच्याही आधी ठेवावे. आठशे-हजार टनांच्या गस्ती नौकेवर मोठे रडार चढत नाही. तिने स्वतःला लहान दाखवावे, बनावट लक्ष्ये आणि ५७ मिलिमीटरची तोफ ठेवावी, आणि हवाई संरक्षण ज्याच्याकडे आहे त्याच्या सावलीत राहावे.

सर्व पर्यायांत कापाकापी सुरू झाली की पहिला बळी आगविरोधी पाण्याच्या नळांचा जातो, कारण ते शस्त्र नाही. एक्झोसेटच्या वॉरहेडचे, म्हणजे स्फोटक भरलेल्या भागाचे, वजन १६५ किलो असते, पण न जळलेले इंधन त्याहून घातक ठरते. शेफील्डवर पहिल्याच आघातात आग विझवणाऱ्या पाण्याची मुख्य वाहिनी तुटली आणि आग आवरली नाही. सहा दिवसांनी ओढून नेत असताना ती बुडाली. स्टार्कला दोन लागली, आग रात्रभर धुमसत राहिली, पण तिच्या लोकांनी नौका तरंगती ठेवली आणि ती परत सेवेत आली. तेव्हा वाहिनी दोन्ही बाजूंनी स्वतंत्र पंपांवर असावी, मधे बंद करायचे झडप असावेत, आणि विजेशिवाय चालणारे उचलपंप डेकच्या दोन टोकांना असावेत. त्यासाठी एका कप्प्याची चार क्षेपणास्त्रे कमी करावी लागली तरी ती करावीत.